दीडचा भोंगा

सोमवार, ४ मार्च २०१९. पहाटे पाच वाजून वीस मिनिटे.

मी स्वयंपाकघरातल्या नळाला जुने कापड गुंडाळत होतो. रात्री कडाक्याची थंडी पडली होती, आणि नळ फुटला तर प्लंबरला बोलावण्याची आमची ऐपत नाही. तेवढ्यात बाबा कारखान्याचे जाकीट घालून, जेवणाचा डबा हातात घेऊन जिना उतरले. त्यांचे काम नोव्हेंबरातच सुटले आहे. मी डब्याकडे पाहिले, तसे त्यांनीही पाहिले. मग डबा टेबलावर ठेवून ते खुर्ची ओढून बसले.

"रॉइस, घर विकू या," ते म्हणाले.

"काय?"

"घर, सामान, सगळं. एक मोटारघर घ्यायचं आणि त्यातच राहायचं. कायमचं. एकतीस वर्षं कारखान्यात दुसऱ्यांसाठी बनवली ती. एका रात्रीसाठी तरी कधी झोपलो का मी त्यात?"

"आणि जायचं कुठं?"

"समुद्रावर. तुझ्या आईचा राहूनच गेला समुद्र."

मला भीतीच वाटली. मी तेवीस वर्षांचा आहे आणि इंडियानाच्या बाहेर दोनदाच गेलो आहे, दोन्ही वेळा आईच्या इस्पितळासाठी. अकरावीत शाळा सोडली तीही त्यासाठीच. पण आई गेल्यापासून दोन वर्षांत बाबांना पहिल्यांदाच काहीतरी हवेसे वाटले आहे. म्हणून मी लगेच नाही म्हणालो नाही. म्हणालो, "विचार करू."

"तू विचार कर. मी तोवर म्हातारा होतो," बाबा म्हणाले.

ही वही आजच सुरू केली. आई म्हणायची, भीती कागदावर उतरवली की तिची उंची मोजता येते.

शनिवार, ९ मार्च

विचार केला. बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे मांडले. विरुद्धचे जास्त निघाले. तरी हो म्हणालो. घरावर आईच्या आजारपणाचे कर्ज आहे, ते विकल्यानेच फिटेल. शिवाय बाबा आठवडाभर शीळ घालत होते.

काम का सुटले ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे मनात घोळणार नाही. कारखान्यात बाबा छताच्या कामावर होते. मोटारघराचे छत बसवले की त्याच्या सगळ्या सांध्यांत लांबी, म्हणजे फटी बुजवणारा चिकट लगदा, भरायची, नाहीतर पहिल्या पावसाळी आठवड्यात आतले लाकूड सडते. बाबांनी दोन गाड्या लांबी न भरताच पुढे सोडल्या, असे मुकादमाचे म्हणणे. बाबा म्हणतात, जुळणीची लाईन फार जोरात पळवत होते. तेच खरे असणार. गाडीमागे पैसे मिळत असले की सगळेच धावतात, आणि बाबा साठीच्या पुढचे.

बुधवार, २० मार्च

घराचा सौदा ठरला; आलेल्या आगाऊ रकमेतून गाडी घेतली. पंधरा वर्षे जुनी आहे, बाबांच्याच कारखान्यातली. विकणारा नवरा-बायकोचा जोडा फ्लोरिडाहून परत आलेला. बाबांनी शिडी लावून छतावर जाऊन बोटांनी सांधे चाचपले. खाली उतरून म्हणाले, "हे माझंच काम आहे. कोपऱ्यात अंगठा असा वळवायची सवय फक्त माझी."

विकणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिने तीनशे डॉलर कमी केले. मी तोवर चाकांचे नट तपासले. मग परत तपासले.

"बघून बघून झिजवशील ते," बाबा म्हणाले.

आता रोज पहाटे पाचला उठून ते अंगणात गाडीवर काम करतात. थंडीतसुद्धा. कालची भरलेली लांबी आज परत भरतात. मी म्हटले, "हा सांधा झालाय की." तर म्हणाले, "एकावर एक दोन बरे." त्यांचा काटेकोरपणा माझ्यात उतरला आहे, हे आज कळले.

शनिवार, ३० मार्च

लिलाव झाला. अंगणात दोन उघड्या घोडागाड्या उभ्या करून त्यांवर सगळे संसाराचे सामान पसरले होते. आईचे केक भाजायचे पसरट साचे, तिच्या रजया, माझी शाळेची सायकल. सत्तरएक लोक आले. लॅव्हर्न हॉखस्टेटलर सकाळपासून होता. कारखान्यात तो बाबांच्या सोबत होता; आमिश पंथाचा आहे, धर्माप्रमाणे मोटार चालवत नाही. वीस वर्षे रोज पहाटे बाबा त्याला त्याच्या फाटकाशी भोंगा वाजवून उचलत आणि दुपारी दीडचा भोंगा होऊन कारखाना सुटला की आधी त्याला सोडून मग घरी येत. त्याची बायको केक आणि शेवयांचे सूप विकत होती.

मी प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावली होती. लॅव्हर्न म्हणाला, "पोरा, माझ्या टोपीवर नको लावूस, अजून वापरतोय."

सगळे सुरळीत चालले होते. मग स्वयंपाकघरातले टेबल आले. लिलाववाल्याने वीसपासून सुरुवात केली. एका बाईने पंचवीस म्हटले. आणि गर्दीतून बाबांनी हात वर केला.

"तीस."

लोक हसले. बाई पस्तीस म्हणाली. बाबा चाळीस.

"डेलमार," लिलाववाला भोंग्यातून म्हणाला, "हे टेबल तुझंच आहे रे बाबा!"

पुन्हा हशा. बाबाही हसले, पण हात खाली आला नाही. बाई बेचाळीस म्हणाली, बाबा पंचेचाळीस, आणि टेबल त्यांना सुटले. ते जाऊन त्यावर हात फिरवत उभे राहिले आणि मला म्हणाले, "आर्लीनला आवडेल. अगदी आपल्या टेबलासारखंच आहे."

आर्लीन म्हणजे आई. मला शरम वाटली. थट्टेलाही काही मर्यादा असते. लिलाववाल्याचा वीस टक्के हिस्सा त्यावरही कापला गेला, म्हणजे नऊ डॉलर हकनाक गेले. शिवाय टेबल मोटारघराच्या दारातून आत जाईना. शेवटी लॅव्हर्नने ते आपल्याकडे न्यायचे ठरवले. तो एकटाच हसला नव्हता. जाताना माझा दंड धरून बराच वेळ उभा राहिला. मला वाटले, निरोप घेतोय.

"रॉइस, तुला काही लागलं तर..." एवढेच म्हणाला. त्यांच्यात फार बोलत नाहीत.

शुक्रवार, १२ एप्रिल

घराच्या किल्ल्या दिल्या. घेणारे तरुण जोडपे आहे, ती गरोदर आहे. बाबांनी त्यांना सगळे घर फिरून दाखवले. जिन्याची चौथी पायरी उजवीकडून चढायची, नाहीतर करकरते. तळघराचा दिवा दाराच्या डावीकडे, कमरेइतक्या खाली, कारण मी लहान असताना माझा हात पोचावा म्हणून तिथे बसवला होता. मार्चमध्ये पूर्वेच्या खिडकीत माश्या येतात. एकही गोष्ट विसरले नाहीत. मला त्यांचा अभिमान वाटला. मुकादमाने इथे येऊन ऐकायला हवे होते.

निघताना बाबांनी त्या मुलीला सांगितले, "तुम्ही बसा निवांत. आम्ही जेवायच्या वेळेपर्यंत येतोच."

ती हसली. मीही हसलो. मी किल्ल्यांची पावती लिहीत होतो, त्यामुळे जास्त लक्ष दिले नाही.

मंगळवार, १६ एप्रिल. केंटकी.

गाडी बाबाच चालवत होते. काल दुपारी पेट्रोल भरून हमरस्त्याला लागलो तर पाऊण तासाने माझ्या लक्षात आले की सूर्य भलत्याच बाजूला आहे. आम्ही उत्तरेकडे, घराच्या दिशेने चाललो होतो.

"बाबा, समुद्र दक्षिणेला आहे."

"माहितीय मला."

"मग?"

त्यांनी वेग कमी केला. बाजूला घेऊन गाडी थांबवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. "चालवून चालवून कंटाळा आला," म्हणाले. एकतीस वर्षांचा थकवा, दुसरे काय. आता मी चालवतो, ताशी पन्नास मैलांच्या वर जात नाही. मागचे लोक भोंगे वाजवतात.

आत शिरल्यावर बाबा दाराच्या डावीकडे, कमरेइतक्या खाली दिव्याचे बटण चाचपतात. तिथे नुसती भिंत आहे. रोज चाचपतात. मी खऱ्या बटणाजवळ मोठ्या अक्षरांत "दिवा" लिहून चिकटवले. कपाटांवरही लिहिले: कप, साखर, औषधे. नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो. मलाही झोप येत नाही.

मंगळवार, २३ एप्रिल. जॉर्जिया.

आज जे घडले ते नीट क्रमाने लिहितो.

पहाटे पाचला उठून बाबांनी नेहमीप्रमाणे गाडी तपासायला घेतली. कपाटांची दारे उघडमीट, खिडक्यांच्या कडा, बिजागऱ्या. मध्येच म्हणाले, "ही कपाटं कुणी बसवली? बिजागरी सैल. आणि आत माणसांचं सामान कसं काय? गिऱ्हाइकाला द्यायची गाडी आहे ही." मी हसलो. ते हसले नाहीत.

दुपारी त्यांनी हात धुतले, जाकीट घातले, डबा उचलला आणि बाहेर पायरीवर बसले. उन्हात जाकीट घालून. मी घड्याळ पाहिले. दीड वाजला होता.

"बाबा, काय झालं?"

"भोंगा झाला. लॅव्हर्न कुठं राहिला? त्याला सोडून घरी जायचंय. आर्लीन वाट बघत असेल."

मग मला एकदम सगळे दिसले. डबा, दोन छते, टेबल, सूर्य. एकतीस वर्षे ते रोज पहाटे मोटारघरात शिरले आणि रोज दुपारी त्यातून उतरून घरी गेले. मोटारघर म्हणजे त्यांचे काम. मोटारघर सोडून जिथे जायचे, ते घर. आणि ते मी विकले होते, चिठ्ठ्या लावून.

मी चूक केली. मी खरे सांगितले.

"बाबा, घर विकलं आपण."

"कुणी?"

"आपण. तुम्हीच म्हणालात."

"आर्लीनला न विचारता?"

"आई नाहीये, बाबा. दोन वर्षं झाली."

त्यांच्या तोंडाकडे मला बघवले नाही. इस्पितळात ती गेली तेव्हा ते रडले नव्हते, माझ्यासाठी आवरून धरले होते. आज पायरीवर बसून रडले. तळावरच्या शेजारच्या मोटारघरातल्या बाईने दार ओढून घेतले. एक तासाने डोळे पुसून म्हणाले, "लॅव्हर्न कुठं राहिला?"

रविवार, २८ एप्रिल

डॉक्टरांनी तपासले. बाई सौम्य बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, अशी माणसे ओळखीच्या जागेच्या आधाराने उभी असतात. हात जागा ओळखतो, डोके विसरले तरी. शक्य असेल तर घर बदलू नका. मी म्हटले, बरे.

चारदा खरे सांगितले. चारदा त्यांची बायको मेली. आता सांगणार नाही.

घर घेणाऱ्या मुलीला फोन केला. परत विकणार का, असे विचारणार होतो. तिने फोन उचलताच म्हणाली, तळघराच्या दिव्याबद्दल बाबांना धन्यवाद सांग, आमच्या बाळालाही पोचेल. मग मी विचारले नाही.

गुरुवार, २ मे

लॅव्हर्नच्या घरात फोन नाही. त्यांच्या गल्लीच्या टोकाला शेतात एक खोपटे आहे, चार घरांत मिळून एक फोन आणि निरोप ठेवायचे यंत्र. मी परवा त्यावर निरोप ठेवला होता. आज त्याचा फोन आला.

"तुला माहीत होतं, असं धरून चाललो मी," तो म्हणाला. "टेबलाच्या दिवशी."

"मला थट्टा वाटली."

"हं." त्याने खोपट्याचे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. "शेवटचं वर्षभर आम्ही आळीपाळीनं त्याच्या मागून छतावर चढायचो. राहिलेलं भरायचो. त्या दोन गाड्यांच्या दिवशी मी लग्नाला गेलो होतो."

"मला सांगितलं का नाहीत?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, पोरगा आधीच चाकाचे नट चारदा बघतो. हे कळलं तर तो माझ्या उशाशी बसून म्हातारा होईल."

म्हणजे बाबांना माहीत होते. घर विकायचे म्हणाले तेव्हाही माहीत होते. मी म्हणालो, "फोनचे पैसे किती झाले?"

"गप रे," लॅव्हर्न म्हणाला. "गोठ्यामागं सपाट जागा आहे. गाडी आण आणि लाव तिथं. टेबल आहे माझ्याकडं. बायको त्यावर शेवया वाळवते, त्या काढायला लावू."

टेबल म्हणजे घर नव्हे, एवढे मला कळते. पण दुसरे काही उरलेले नाही. उद्या परवा उत्तरेला निघायचे. फक्त समुद्र एका दिवसाच्या अंतरावर आहे. तेवढा दाखवून निघतो.

गुरुवार, ९ मे

चार दिवस समुद्राकाठी आहोत. बाबांना ताप होता, म्हणून थांबलो. आज उतरला.

पहिल्या दिवशी मी त्यांचा हात धरून वाळूत नेले. म्हटले, "बाबा, समुद्र." त्यांनी एकदा पाहिले, मग मागे वळून गाडीच्या छताकडे पाहिले. "खारी हवा. सांधे खाणार ही," म्हणाले आणि शिडी मागितली.

आज पहाटे पाचला ते शिडीवर होते. मी खाली शिडी धरून उभा राहिलो, तेवढ्यात वरून आवाज आला.

"ए, नवा का तू? नुसता उभा काय राहतोस, ती लांबीची नळी दे."

मी दिली. मी वर येण्याची त्यांनी वाट पाहिली. मग मी वर चढलो. मी आयुष्यात छतावर चढलो नव्हतो.

"खाली बघू नको. सांध्याकडं बघ. नाव काय?"

"रॉइस."

"वा. माझ्या पोराचं पण रॉइस. मी डेलमार."

"बरं, डेलमार," मी म्हणालो. बापाला नावाने हाक मारण्याची पहिलीच वेळ.

मी एक कडा भरली, ते दुसरी. आधीच भरलेल्या सांध्यांवर पुन्हा. त्यांनी माझी कडा बोटाने तपासली आणि कोपऱ्यात अंगठा कसा वळवायचा ते माझा अंगठा धरून दाखवले. लहानपणी मी कितीदा विचारले होते. म्हणायचे, तू शाळा शीक. समोर समुद्रातून सूर्य वर येत होता. त्यांची पाठ होती त्याच्याकडे.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "घाई नाही. माझं पोरगं असंच. घाबरट आहे, सावलीला भितं. पण एक स्क्रू सैल सोडणार नाही. आईच्या दुखण्यात शाळा सोडली त्यानं. मी सोडू द्यायला नको होती."

"त्याला वाईट वाटत नसेल."

"तुला काय ठाऊक?"

मी पुढच्या सांध्यात लांबी भरू लागलो.

"एक सांगतो, मुकादमाला बोलू नको," ते जवळ सरकून म्हणाले. "मी आता फार दिवस नाही इथं. डोकं गळायला लागलंय, छत गळावं तसं. ते घर राहिलं तर पोरगं त्यातच बसेल, मी गेल्यावरसुद्धा. म्हणून सगळं विकायचं. असली एक गाडी घ्यायची आणि त्याला चालवायला लावायची. निदान समुद्रापर्यंत. येईल का रे तो?"

"येईल."

"नट बघत बसेल दोन तास."

"बघेल. पण येईल, डेलमार."

त्यांनी मान हलवली, समाधान झाल्यासारखी. "मग झालं," म्हणाले.

दीड वाजता हात धुऊन, डबा घेऊन ते पायरीवर आले. लॅव्हर्नबद्दल विचारले. मी म्हणालो, "लॅव्हर्नकडेच निघालोय. बसा. आज मी सोडतो तुम्हाला." ते माझ्या शेजारी बसले. किल्ली फिरवण्याआधी मी चाकांचे नट बघायला उतरलो. एकदाच बघितले.

तासाभराने पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे दोन डॉलर मागितले, कॉफीच्या यंत्रात टाकायला. कॉफी दोन कप आणली. एक मला दिला.

आजपर्यंतचा हिशेब, डॉलरमध्ये:

मोटारघर: २३,५००
नोंदणी आणि विमा: १,९४०
पेट्रोल: ६१२
जागेचे भाडे: ३४२
डॉक्टर: १८५
लांबीच्या नळ्या: ४८
स्वतःचेच टेबल विकत घेतल्याबद्दल लिलाववाल्याला: ९
एकूण खर्च: २६,६३६

देणे: आईच्या इस्पितळाचे उरलेले, २,१५०. लॅव्हर्नचे फोनचे, तो घेत नाही.

येणे: डेलमारकडून, २. उद्या शुक्रवार आहे, पगार झाला की देतो म्हणाले.